सगळं घर घेऊन किराणा आणायला : लातूरमधल्या एका सुपरमार्केटचे आमचे पाच महिने

महिन्याचा किराणा आणायला घरातल्या एकानं जावं का सगळ्यांनी मिळून जावं, यावर आमच्या घरात बरेच दिवस बोलणं चालू होतं. ह्यांचं म्हणणं साधं, यादी दे, ऑफिसातून येताना घेऊन येतो, पाऊण तासाचं काम, त्याला सहा माणसं कशाला. पण गेले पाच महिने आम्ही सगळे जातोय, म्हणजे मी, हे, सातवीतला मुलगा, चार वर्षांची मुलगी, आत्या आणि मामा (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची पद्धत आहे). कुणाला त्या दुकानाबद्दल विचारलं की रेट, ऑफर आणि पार्किंग एवढंच सांगतात. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं घेऊन तिथं जाता येतं का हे कुणी सांगत नाही, म्हणून तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

नाव टाकत नाहीये. काही गोष्टी खटकल्या त्या पण खाली लिहिल्यात, आणि तिथं कामाला असलेली पोरं-पोरी आसपासच्या खेड्यातली आहेत, दिवसभर उभी असतात, नाव टाकलं की बोलणी त्यांनाच बसणार.

दुकान दोन मजली. खाली किराणा, साबण-शाम्पू, थोडी भाजी. वर कपडे, भांडी, प्लास्टिकचं सामान. स्वच्छता चांगली, एसी चालू असतो आणि लातूरच्या मे महिन्यात हे लहानसहान नाही. टू-व्हीलर लावायला जागा आहे, फोर-व्हीलरला रविवारी विसरा. पिशव्या आत नेऊ देत नाहीत, बाहेर टोकन घेऊन ठेवायच्या, ते ठीक.

आता सगळे जायला लागलो त्याचं कारण तूरडाळ. एका महिन्यात ह्यांनी आणलेली डाळ आत्यांनी कुकरला लावली, चार शिट्ट्या झाल्या तरी ती वेगळी आणि पाणी वेगळं. आत्यांनी डब्यातली मूठभर डाळ ताटात काढली, खिडकीशी नेऊन बघितली आणि म्हणाल्या, "ही पॉलिशची हाय, कुणी आणली ही?" लातूरात राहून, जिथं इतक्या डाळमिल आहेत, जिथल्या मार्केट यार्डात तुरीचा भाव काय निघाला हे लोक रोज विचारतात, तिथं घरात अशी डाळ यावी हे त्यांना फार लागलं. पुढच्या महिन्यात म्हणाल्या मलाच घेऊन चला, माझी मी बघून घेते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ४३ वर्षांच्या संसारात ह्या बाईनं एकदाही स्वतःच्या हातानं किराणा निवडलेला नाही. मामा गंजगोलाईतून आणायचे. ज्यांनी गोलाई बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, मधे १९१७ साली बांधलेली दोन मजली गोल इमारत, तिच्यात अंबाबाईचं देऊळ, आणि भोवती १६ रस्ते फुटतात, सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळ्याचा बाजार त्या रस्त्यांवर. आत्या तिथं जायच्या, पण बांगड्या भरायला, लुगडं घ्यायला आणि देवीला. किराणा म्हणजे मामांनी दुकानदाराला यादी वाचून दाखवायची, त्यानं पुड्या बांधायच्या, वहीत लिहायचं, घरी पोतं यायचं. काय आलंय ते घरी उघडल्यावर कळायचं. आलं ते शिजवायचं. माझ्या आईचं पण तसंच होतं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या आईचं तसंच असेल.

तर पहिल्यांदा आत गेल्यावर आत्या सुट्या डाळींच्या खणांपाशी जवळजवळ वीस मिनिटं उभ्या होत्या. प्रत्येक खणातली डाळ तळहातावर घ्यायची, बोटानं फिरवायची, एक दाणा दाताखाली धरायचा. "ही बघ, चकाकायलीय, ही नको. ती मळकट दिसतीय ना, ती घे, ती शिजंल." तिथं काम करणारी मुलगी बाजूला उभं राहून ऐकत होती, तिनं पण विचारलं आजी हे कसं ओळखायचं, मग तिला पण शिकवणी झाली. घरी आल्यावर तीन शिट्ट्यांत वरण. सुट्या डाळींच्या विभागाला माझ्याकडून पैकीच्या पैकी, हात लावून बघू देतात, कुणी हटकत नाही, दोन रेटच्या दोन-तीन प्रतीच्या डाळी ठेवतात.

ज्वारीच्या पिठाचं उलटं. बंद पाकिटातलं पीठ, पॅकिंगची तारीख बारीक अक्षरात, आत्यांना ती दिसत नाही, नातवाला वाचायला लावली. दोन महिन्यांपूर्वीची निघाली. आत्या म्हणाल्या ठेव तिथंच, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेलं असणार, थापायला घेतलं की चिरा पडतील. नातवाला विरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि आजीला त्या पाकिटावर काय छापलंय ते माहीत नव्हतं. दोघं मिळून अख्ख्या रॅकवरची पाकिटं उलटीपालटी करून बघत होते आणि मी लांबून बघत होते, आणि मला खरंच भरून आलं. ज्वारी आम्ही अजून पण मामांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची घेतो आणि गिरणीतून लागेल तशी दळून आणतो, त्यामुळं अडलं नाही.

मुलाचं काम आता पक्कं ठरलंय. पाकिटावर एमआरपीच्या जवळ अजून एक आकडा असतो, युनिट सेल प्राइस, म्हणजे एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर एका ग्रॅमला किती पैसे पडतात ते. बऱ्याच जणांचं तिकडं लक्षच जात नाही. आम्ही कायम मोठं पाकीट घ्यायचो, मोठं म्हणजे स्वस्त असं डोक्यात बसलेलं. चहाची २५० ग्रॅमची पुडी १२० रुपयांना होती, ५०० ग्रॅमची २५० ला. लहान पुडी ग्रॅमला ४८ पैसे, मोठी ५० पैसे. म्हणजे लहान दोन घेतल्या तर १० रुपये वाचतात. हे त्यानं शोधलं, आम्ही कुणी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू यावरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला तेव्हापासून तो नव्या-जुन्या एमआरपीवर पण लक्ष ठेवतो. शाळेत टक्केवारी शिकला त्यापेक्षा जास्त इथं शिकला असं माझं मत आहे.

कपड्याच्या पावडरीचं एक सांगते कारण ते फक्त आमच्याकडच्या लोकांनाच कळंल. ह्यांना जास्त फेसाची पावडर आवडते, आत्या ती ट्रॉलीतून परत काढून ठेवतात. फेस जास्त म्हणजे खळबळायला पाणी जास्त. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं, तो उन्हाळा आम्ही घागरी मोजून काढलाय, आता तशी वेळ नाही पण नळाला रोज पाणी येतंय असंही नाही. पुरुष माणूस एकटा गेला की तो ऑफर बघून पावडर घेतो. कपडे कोण धुतं, पाणी कोण भरतं, त्याला विचारून घ्यायला पाहिजे. सगळ्यांनी मिळून जावं असं मी म्हणते त्यातलं मोठं कारण हे आहे, वापरणारं माणूस निवडताना तिथं हजर पाहिजे.

बिलिंग. इथं दुकान कमी पडतं.

मामांनी आडतीवर मुनीमकी केलीय, तीस वर्षं, बेरीज तोंडी. दुसऱ्या महिन्यात शेंगदाण्याच्या खणावर १३९ रुपये किलोची पाटी होती, बिलात १५४ लागले. मुलगा सामान वर ठेवत होता आणि मामा स्क्रीनकडं बघत होते म्हणून सापडलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला सिस्टिममधे तसंच आहे. मामा शांतपणे म्हणाले, "बाळा, सिस्टिम तुमची, पाटी पण तुमचीच. मी पाटी वाचून माल घेतला." मग कुणीतरी जाऊन पाटी बघून आलं, वीस मिनिटांनी १५ रुपये परत मिळाले. मागचे लोक वैतागले आणि त्यांचा काही दोष नव्हता. पुढच्या महिन्यात साबणाच्या पॅकला परत तेच. पाट्या बदलायला माणूस कमी आहे असं कारण दिलं. कारण खरं असेल, पण पैसे गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात. एकटा माणूस पिशव्या भरणार का स्क्रीन बघणार? दोघं तरी काउंटरला पाहिजेतच, एकानं सामान ठेवायचं, एकानं फक्त आकडे बघायचे. आणि दुकानात ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत पण बोलतात. मोबाइलमधे सेव्ह करून ठेवा.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. तिसऱ्या महिन्यात आम्ही रविवारी संध्याकाळी गेलो, पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार, चार काउंटरपैकी दोन चालू, रांग पार मसाल्याच्या रॅकपर्यंत. चाळीस मिनिटं लागली. आत्यांचे गुडघे दुखतात. पंचवीस-तीस मिनिटांनी त्यांना उभं राहवेना, बाजूला दहा किलो आट्याच्या पिशव्यांची थप्पी होती तिच्या कडेला टेकल्या. एक पोरगा आला, "आजी उठा, मालावर बसू नका." खाण्याच्या मालावर बसू नये हे त्याचं बरोबर आहे, मी मानते. पण आत्या एवढ्या पटकन उठल्या, चोरी पकडल्यासारख्या, आणि मग रॅकची दांडी धरून उभ्या राहिल्या, माझ्याकडं बघेनात. मी सुपरवायझरला गाठून खुर्ची मागितली तर म्हणाला कस्टमरसाठी खुर्ची द्यायची सोय नाही मॅडम. एवढ्या मोठ्या दुकानात, जिथं वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रास विकायला ठेवलीय. कोपऱ्यावरच्या साध्या किराणावाल्याकडं म्हातारं माणूस गेलं तर तो आधी स्टूल पुढं करतो, मग विचारतो काय देऊ.

तक्रारवहीत लिहून आले. पुढच्या महिन्यात दोन खुर्च्या आल्या, हे मान्य करते, लिहिलं की होतं. पण त्या ठेवल्यात गेटपाशी वॉचमनजवळ, म्हणजे बसायचं तर बिलिंगच्या बाहेर जायचं, मग निवडणार कशा. खुर्च्या आत डाळींच्या विभागापाशी आणि रांगेजवळ पाहिजेत. प्यायचं पाणी ठेवलेलं नाही, तहान लागली तर बाटली विकत घ्या. बाथरूम स्टाफसाठी आहे. चार वर्षांचं लेकरू सोबत असताना ह्याचा अर्थ काय होतो ते ज्यांना लेकरं आहेत त्यांना सांगायला नको, एकदा निम्मं सामान ट्रॉलीत सोडून ह्यांना तिला घरी न्यावं लागलं.

मुलीचं पण लिहिते. सगळे विचारतात की लेकरं नेली की नाही नाही ते मागतात, रडतात. मागतात. काउंटरपाशी चॉकलेट बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर लावलेत, आणि रांग जिथं सगळ्यात हळू सरकते तिथंच. दोन महिने रडणं झालं. आता दोन्ही लेकरांना आत जाण्याआधी ५० रुपयांच्या आत काय पण एक घ्यायचं असं सांगतो, पण दारातच निवडायचं आणि शेवटपर्यंत हातात धरायचं. मागच्या वेळी तिनं चिक्की घेतली होती, काउंटरला आल्यावर चॉकलेट दिसलं, थांबली, चिक्कीकडं बघितलं, चॉकलेटकडं बघितलं आणि चिक्कीच पुढं केली. ट्रॉलीत उभं करू नका एवढी एकच विनंती, कितीतरी लोक लेकरांना सामानात उभं करतात, वळताना ट्रॉली कलंडते, आमच्या डोळ्यांसमोर एक लेकरू पडता पडता वाचलंय.

खर्चाचं विचाराल तर ह्यांचा मुद्दा पहिल्या महिन्यात खरा ठरला. ते एकटे आणायचे तेव्हा पाच हजाराच्या आसपास व्हायचं, पहिल्यांदा सगळे गेलो तेव्हा ६,४०० झालं, कारण प्रत्येकानं काहीतरी उचललं, वरच्या मजल्यावर पण गेलो. तिसऱ्या महिन्यापासून ५,२०० च्या आत-बाहेर आहे. यादी आता आदल्या रात्री जेवताना होते, मुलगा लिहितो, आत्या डबे हलवून सांगतात. वरच्या मजल्यावर किराण्याच्या दिवशी जायचं नाही. जे २०० रुपये जास्त जातात ते मला जास्त वाटत नाहीत, आधी न शिजणारी डाळ आणि कुणालाच न आवडणारा ऑफरमधला नूडल्सचा गठ्ठा घरात पडून राहायचा त्याचा हिशोब कुणी लावला नव्हता.

पण रविवारी संध्याकाळी जाऊ नका. हे मी गर्दीला नावं ठेवायला नाही सांगत. लातूरात रविवार वेगळा असतो. बाहेरगावची हजारो पोरं इथं अकरावी-बारावीला, नीटच्या क्लासला राहतात, आणि रविवारी निलंगा, अहमदपूर, उदगीर, पार नांदेड-परभणीकडून आई-बाप डबा घेऊन भेटायला येतात. भेटल्यावर पोराला घेऊन सुपरमार्केटला येतात, कपड्याचा साबण, बिस्किटं, बादली, वह्या. मागं एक कुटुंब आमच्या पुढं रांगेत होतं, वडील पटका बांधलेले, आई, आजी आणि चष्मा लावलेला पोरगा. सगळं मिळून आठ-नऊ वस्तू असतील. वडील प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचे, "हे पुरंल का तुला पंधरा दिवस?" पोरगा म्हणायचा पुरंल की. आई मधेच जाऊन अजून एक बिस्किटाचा पुडा घेऊन आली, तो परत ठेवायला गेला, तिनं धरून ठेवला. त्यांना पुढची एसटी गाठायची होती. त्या माणसांना हे दोन-तीन तासच मिळतात. एका घरचे पाच जण कशाला येतात, पॅसेज अडवतात, असं बोलणाऱ्या लोकांनी एकदा रविवारी ह्या रांगेत उभं राहून बघावं. आम्ही गावातलेच आहोत, आम्हाला मंगळवारी सकाळी पण जाता येतं, म्हणून आम्ही रविवार त्यांना सोडला. मंगळवारी अकराच्या आधी दुकान रिकामं, रांगेत दोन माणसं, आणि सामान भरून देणारा माणूस मोकळा असतो. मुलाला शाळा असते, त्यामुळं सुट्टी बघून जावं लागतं, ह्यांना कधी उशिरा ऑफिसला जावं लागतं. जमवतो.

आत शिरल्यावर आम्ही पण सहा जणांचा घोळका करून फिरत नाही. आत्या आणि मुलगा डाळी-पिठाकडं, हे आणि मामा तेल-साबणाकडं, मी मुलीला घेऊन बाकीचं, आणि काउंटरला भेटायचं. पॅसेज अरुंद आहेत, दोन ट्रॉल्या जेमतेम जातात, घोळक्यानं फिरलं तर दुसऱ्यांना खरंच त्रास होतो.

आणि सगळं तिथूनच घेत नाही. उन्हाळ्यातली मिरची, हळद, वर्षाचा गूळ गोलाईतूनच. महिनाअखेरीला लागणारं दूध, साखर, पोहे कोपऱ्यावरच्या दुकानातून, कारण कोरोनात दारापर्यंत सामान त्यानंच आणून दिलं होतं आणि पैसे नंतर द्या म्हणाला होता.

माल आणि सुट्या डाळी चांगल्या, स्वच्छता चांगली, बिलिंग कमजोर, म्हाताऱ्या माणसांची आणि लेकरांची सोय नाहीच म्हटलं तरी चालेल. पाचपैकी तीन. एक स्टार बिलिंगसाठी कापला, एक आत्या रॅकची दांडी धरून उभ्या राहिल्या त्यासाठी. पुढच्या महिन्यात खुर्च्या आत आलेल्या दिसल्या तर बदलते.

आता पुढची फेरी येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या, शेतात पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण) आधीची. शेतात पन्नास माणसांची पंगत असते, आत्यांनी बेसन, शेंगदाणे आणि तीळ ह्यांची यादी आत्ताच करायला लावलीय. भज्जीसाठीच्या (येळवशीची मिसळ भाजी) तुरीच्या, वालाच्या ओल्या शेंगा त्या दुकानात मिळत नाहीत, त्या शेतातूनच तोडायच्या आहेत, आणि आंबिलीचं मडकं गोलाईजवळून घ्यायचं तर ते निवडायला पण ह्या वेळी आत्याच येणार आहेत, मामांनी स्वतः सांगितलंय.